केशर बोलत नाही

केशरला वाचा फुटली तेव्हापासून तिला गप्प कसं बसवायचं, एवढीच चांगुणाच्या घरात अडचण होती. सकाळी डोळे उघडले की पोरीचं तोंड सुरू व्हायचं. धूर वरच का जातो, कोंबडीला दात का नाहीत, सावली पाण्यात भिजते का. तिचा बाप बन्सी हसून म्हणायचा, "हिला वकील करावी लागंल, न्हाईतर आपलं डोकं खाईल." पाच वर्षांची झाली न झाली, तोवर तिला गावातल्या सगळ्या बैलांची नावं पाठ झाली होती.

मग पावसानं पाठ फिरवली, ती फिरवलीच. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यापर्यंत कर्जत तालुक्यातल्या त्या गावात विहिरींचे तळ उघडे पडले. बन्सी बैलजोडी घेऊन बेलापूरच्या बाजूला जनावरांच्या छावणीत गेला. तिकडे उसाचं वाढं तरी मिळतं असं कुणीतरी सांगितलं होतं. गेला तो गेलाच. त्याचा निरोप नाही, सांगावा नाही. मागं राहिलेलं सगळं गाव दुष्काळी कामावर होतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचा भराव पडत होता. बाया खड्ड्यातून मुरूम भरून घमेली डोक्यावरून वर न्यायच्या आणि पोरं बाभळींच्या विरळ सावलीत पडून असायची.

चांगुणाचा धाकटा भिमाजी तिथंच बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचा. पोळ्याच्या आगेमागे जन्मला होता. जन्मला तेव्हा चांगला गुबगुबीत होता. पण संक्रांत सरली आणि चांगुणाचं दूध आटत गेलं. सरकारी दुकानातल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि मिरचीचं पाणी, एवढ्यावर दूध येणार तरी कुठून? पोर ओढून ओढून दमायचं, रडायचं. पुढं पुढं तर रडणंसुद्धा बंद झालं. कामावर कधीमधी सुकडीचं पीठ वाटायचे. ते पाण्यात कालवून तिनं बोटानं चाटवून पाहिलं, तर पोराला ढाळ लागले. त्याचे हातपाय काटकुळे झाले आणि तोंड एखाद्या म्हाताऱ्यासारखं दिसायला लागलं. चांगुणा घडोघडी झोळीत वाकायची. श्वास चालू आहे ना, तेवढंच आधी ती बघायची.

गावातली बालवाडी मुक्ताबाई चालवायच्या. मूळच्या खर्ड्याच्या, लवकर विधवा झालेल्या, पुढं बालवाडीचं शिक्षण घेऊन इथं आलेल्या. गाव कामावर आल्यावर त्यांनी बालवाडीही तिथंच आणली. तट्ट्यांचं एक छप्पर उभं केलं, खाली गोणपाट अंथरलं आणि पोरांना गोळा केलं. पण पहिल्यासारखी मजा राहिली नव्हती. गेल्या वर्षी जी पोरं उड्या मारत गाणी म्हणायची, ती आता भिंतीला टेकवलेल्या पोत्यासारखी बसून राहायची. ज्यांना खडे मोजता येत होते ती मोजता मोजता मधेच थांबायची. मुक्ताबाई बायांना म्हणायच्या, "पोरं मोठी व्हायच्या ऐवजी मागं चाललीत गं. शिकवलेलं अंगातून गळून चाललंय." बाया ऐकून घ्यायच्या आणि घमेलं उचलायच्या. दुसरं काय करणार?

केशर तेवढी अजून बोलत होती. आणि रतनबाईचा गोरक्ष. रतनबाई चांगुणाच्या शेजारची. चांगुणा तिला आक्का म्हणायची. गोरक्ष तीन वर्षांचा. तो चालायचा बंद झाला होता, पाय सुजले होते, पण चेहरा हसरा. कुणी नुसतं त्याच्याकडे पाहिलं तरी खुलायचा.

होळी झाल्यावर एके सकाळी मुक्ताबाईंनी बायांना छपराजवळ बोलावलं.

"नगरहून एक बाई येणार आहेत," त्या म्हणाल्या. "पोरांची तपासणी करायला. कोण किती वाढलंय, कोणाला काय कळतंय, काय बोलता येतंय, ते बघतील. जी पोरं लई मागं पडलीत त्यांना रोज इथं दूध मिळणार. पावडरीचं."

"समद्यांना का न्हाई?" रतनबाईनं विचारलं.

"तेवढी पावडर आलेली नाही, रतनबाई. दंडाला फीत लावणार. जी अगदीच रोड असतील ती पहिली घेणार. मग काठावरची. त्यांतलं बोलण्यात, समजण्यात जे मागं असेल ते आधी घ्यायचं, असं ठरलंय."

बाया पांगल्या तरी चांगुणा मागं राहिली. "बाई, माझ्या भिमाला मिळंल का वं?"

मुक्ताबाईंनी मान खाली घातली. "वर्षाच्या आतली पोरं धरायची नाहीत म्हणतात. ती आईच्या अंगावर असतात म्हणून."

चांगुणा हसली की रडली, तिचं तिलाही कळलं नाही. तिनं पदर छातीवर ओढला. "अंगावर," ती म्हणाली. "व्हय. अंगावर."

त्या दिवशी दिवसभर घमेली वाहताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. केशर हडकुळी होती, पण अगदीच खंगलेली नव्हती. काठावरची. आणि बोलण्यात, समजण्यात तर पोरीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनंच सगळ्यांच्या आधी टपटप उत्तरं दिली असती आणि रिकाम्या हातानं परत आली असती.

दुपारच्या सुट्टीत चांगुणानं केशरला बाभळीखाली जवळ ओढलं.

"केशर, त्या नगरच्या बाई येतील ना, त्या काय बी इचारतील. तू बोलायचं न्हाई."

"का?"

"म्या सांगते म्हनून."

"गानं म्हन म्हनल्या तर?"

"न्हाई म्हनायचं. खडे मोज म्हनल्या तरी मोजायचं न्हाई. कायबी ठावं न्हाई असं बसायचं."

"पन आये, मला तर समदं येतं."

"येत असंल, पन सांगायचं न्हाई." चांगुणानं झोळीकडं बोट केलं. "तू बोललीस तर दूध न्हाई मिळायचं. दूध न्हाई मिळालं तर भिमा ऱ्हायचा न्हाई. कळलं का?"

केशर कितीतरी वेळ झोळीकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली. त्या घटकेला ती एकही प्रश्न विचारत नाही, हे चांगुणाच्या ध्यानात आलं. पण तिला शब्द मागं घ्यायचा नव्हता.

नगरच्या बाई जीपमधून आल्या. पांढरी साडी, डोळ्यांना चष्मा, आवाज मऊ. त्यांना पाहून मुकादम कानिफनाथ घाईनं खाट घेऊन आला, पण त्या खाली गोणपाटावरच बसल्या. त्यांनी पिशवीतून लाकडी ठोकळे काढले, चित्रं काढली, रंगीत मणी काढले. एकेका पोराला जवळ घेऊन त्या दंडाला फीत लावत, एका पायावर उभं करत, ठोकळ्यावर ठोकळा ठेवायला सांगत. आया छपराच्या कडेला उभ्या होत्या. कुणाचं पोर घाबरून रडत होतं, कुणाचं ठोकळे तोंडात घालत होतं.

गोरक्षाला रतनबाईनं उचलूनच आणलं. फीत लावल्यावर बाई म्हणाल्या, "हा काठावर आहे." पाय सुजल्यानं तो दिसायलाही भरल्यासारखा दिसत होता. बाईंनी कावळ्याचं चित्र पुढं केलं.

"काव काव!" गोरक्ष ओरडला. मग गाय, मग मांजर, मग बैलगाडी. प्रत्येक चित्राला त्याचा आवाज आणि वर हसू. ठोकळे त्यानं बसल्या जागी एकावर एक रचले आणि आईकडं वळून पाहिलं. बाईही हसल्या. "हुशार आहे हो पोरगा," त्या म्हणाल्या.  रतनबाईनं त्याला उचललं आणि ती त्याला कडेवर घट्ट धरून उभी राहिली.

मग केशर. तीही काठावरच निघाली.

"नाव काय तुझं?"

केशर गप्प.

"हा रंग कोणता?"

केशरनं मण्यांकडं पाहिलं. तिचे ओठ हलल्यासारखे झाले आणि थांबले. बाईंनी चार ठोकळे पुढं ठेवले. केशरचा हात उचलला गेला, तसा तिनं तो दुसऱ्या हातानं मांडीखाली दाबला. चांगुणाला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. 

"गाणं म्हणतेस? म्हण बरं," मुक्ताबाई हळूच म्हणाल्या. "तुझं ते चिमणीचं."

केशर खाली बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी ठिबकत होतं, पण तोंडातून आवाज आला नाही.

नगरच्या बाईंनी मुक्ताबाईंना विचारलं, "ही नेहमी अशीच असते?"

मुक्ताबाईंनी मान वर केली. त्यांची नजर केशरवरून चांगुणावर आली, चांगुणावरून बाभळीच्या झोळीवर गेली. चांगुणानं हात जोडले नाहीत, मान हलवली नाही. तिला हलताच येईना.

"अलीकडं बोलत नाही," मुक्ताबाई म्हणाल्या.

काठावरच्यांत एकच जागा उरली होती. केशरचं नाव दुधाला लागलं. गोरक्षाचं लागलं नाही.

पण दूध घरी न्यायचं नव्हतं. ते छपरातच, मुक्ताबाईंसमोर प्यायचं. घरी नेलं की दुसऱ्याच्या पोटात जातं, म्हणून तसा नियमच होता. हे कळलं तेव्हा चांगुणा घमेलं खाली टेकून बसली. पोरीला मुकी केली आणि भिमाला थेंब नाही. मुकादम ओरडला म्हणून ती उठली.

पहिल्याच दिवशी दूध वाटून झाल्यावर केशर छपरातून बाहेर आली आणि धावत न येता, ओठ मिटून, गाल फुगवून, पाय जपून टाकत झोळीपाशी आली. एका पोरीनं वाटेत तिला हाक मारली, तरी तिनं ओ दिली नाही. झोळीत वाकून तिनं भिमाचे ओठ बोटानं उघडले आणि तोंडातलं दूध थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडलं. पोरानं गिळलं. पुन्हा तोंड उघडलं.

चांगुणा भरावावरून हे बघत होती. हे तिनं पोरीला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

मग रोज असंच चाललं. मुक्ताबाई वाटी भरून दिली की पाठ वळवायच्या, उगाच भांडी हलवायच्या. केशर थोडं गिळायची, उरलेलं तोंडात धरून जायची, परत यायची, पुन्हा घोट घ्यायची. भिमा टिकला. फार काही सुधारला नाही, पण डोळे फिरवायचा, बोट धरायचा. चांगुणाला तेवढंही पुष्कळ होतं.

पण केशर बोलेनाशी झाली. आधी छपरात बोलत नव्हती, मग कामावर, मग घरीही. चांगुणा म्हणायची, "आता बोल गं, हितं कोन हाय?" तर ती भिमाकडं बघायची आणि ओठ मिटायची. पाणी हवं असलं तर तांब्याकडं बोट. कुठं दुखलं तर हात नुसता तिथं ठेवायचा. चांगुणानं तिला जवळ घेतलं, लाड केले, एकदा तर रागानं पाठीत धपाटाही घातला आणि मग स्वतःच ओक्साबोक्शी रडली. केशरनं आईचे डोळे पुसले, पण बोलली नाही.

चैत्र लागला आणि गोरक्षाला ताप भरला. रतनबाईनं त्याला पाठुंगळी बांधून कर्जतच्या दवाखान्यात नेलं. परत आली ती पोर पाठुंगळी तसंच घेऊन, पण त्याची मान लटकलेली. ओढ्याच्या काठाला त्याला पुरलं. पुढच्याच आठवड्यात रतनबाई घमेलं घेऊन कामावर हजर झाली. कामावर आलं नाही तर तिचीही चूल पेटणार नव्हती.

चांगुणाला तिच्या तोंडाकडं बघवेना. तिच्यापाठोपाठ भरावावर चढताना तिला एकच दिसायचं, गोरक्ष ठोकळे रचून आईकडं वळून बघतोय ते.

एका दुपारी चांगुणा पाणी प्यायला बाभळीकडं आली, तेव्हा केशरचा आवाज तिच्या कानी पडला. ती तिथंच थबकली. केशर झोळीत वाकून भिमाशी बोलत होती, अगदी कुजबुजल्यासारखी. "ह्यो लाल. ह्यो हिरवा. ह्यो एक खडा, ह्यो दुसरा. समदं शिक हां भिमा. पन कुनी इचारलं तर सांगायचं न्हाई. सांगितलं की मरतं. गोरक्षानं सांगितलं ना."

चांगुणाच्या हातातला तांब्या खाली पडला. केशर दचकून गप्प झाली.

चांगुणा तशीच छपरात गेली आणि मुक्ताबाईंच्या पुढ्यात बसली. "बाई, म्या पोरीला खोटं शिकवलं. तिला समदं येतं. गोरक्षाची जागा म्या घेतली."

मुक्ताबाई सुकडी चाळत होत्या. त्यांचा हात थांबला. "मला त्याच दिवशी कळलं होतं, चांगुणा."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? केशर हुशार आहे म्हणाले असते तर झोळीतलं गेलं असतं. गप्प राहिले तर रतनबाईचं गेलं." त्यांनी चाळणी बाजूला ठेवली. "त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. पोरांची परीक्षा होती म्हणे. पोरांची कसली गं? कुणाचं पोर जगायचं ते ठरवायला मला बसवली होती."

 बाहेर कानिफनाथ चांगुणाच्या नावानं ओरडत होता.

अक्षय तृतीयेच्या सुमाराला नगरच्या बाई पुन्हा आल्या. कोणत्या पोरांत किती फरक पडला ते बघायला. केशरला समोर बसवलं तशी चांगुणा पुढं झाली. मुक्ताबाईंनी तिला अडवलं नाही.

"बाई, तिला इचारू नका. म्या सांगते." आणि तिनं सगळं सांगितलं. उभ्यानंच, मधे न थांबता. बाकीच्या बाया ऐकत होत्या. गोरक्षाचं नाव आलं तशी रतनबाई छपरापासून वळली आणि भरावाकडं चालू लागली.

नगरच्या बाई रागावतील, पोलिसांत देतील, असं चांगुणाला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तोंडात धरून न्यायची? इथून त्या बाभळीपर्यंत?"

"व्हय."

"तिला कोणी सांगितलं असं करायला?"

"कुनी न्हाई."

बाईंनी केशरकडं पाहिलं. मग खडे पुढं ठेवले आणि म्हणाल्या, "केशर, मोजतेस का गं? आता काही होणार नाही."

केशर आईकडं बघायला लागली. "सांग बाळा," चांगुणा म्हणाली, "आता सांग." केशरनं तोंड उघडलं. आवाज येईना. बसल्या जागी गोणपाट ओलं झालं. मुक्ताबाईंनी तिला उचलून पोटाशी धरलं.

"नियम मला बदलता येत नाही," नगरच्या बाई चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या. "वर्षाच्या आतलं मूल घेता येत नाही." त्यांनी झोळीकडं बोट करून चांगुणाला विचारलं, "याला वर्ष झालं का?"

"न्हाई, पोळ्याला..."

"झालं," मुक्ताबाई मधेच म्हणाल्या. "वर्ष झालंय, बाई."

नगरच्या बाईंनी बाभळीपाशी जाऊन झोळीत वाकून बघितलं. त्या तोंडात दात नव्हता. मान धरता येत नव्हती. त्यांना दिसलंच असणार.

"बरं," त्या म्हणाल्या. "हिचं नाव काढते, याचं घालते. आणि हिला रोज जवळ घेऊन बसा. काही विचारू नका."

जीप गेली. चांगुणा रिकामं घमेलं घेऊन भरावावर चढली. रतनबाई वरच्या टोकाला एकटीच मुरूम पसरत होती. चांगुणा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिनं शिव्या द्याव्यात, झिंज्या धराव्यात, फावडं डोक्यात घालावं, कशालाही चांगुणाची तयारी होती.

"आक्का," ती म्हणाली, "म्या तुझं पोर खाल्लं."

रतनबाईनं फावडं टेकवलं. तिचा चेहरा धुळीनं पांढरा झाला होता आणि डोळे कोरडे होते.

"मी बी शिकवलं हुतं त्याला," ती म्हणाली.

चांगुणाला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"आदल्या दिसापास्नं शिकवत हुते. गोरक्षा, उद्या बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई. व्हय व्हय म्हनला. पन त्या बाईनं कावळा दावला..." रतनबाईच्या ओठांचा कोपरा हलला. "त्याला ऱ्हावलं न्हाई. त्याला लई आवडायचा कावळा."

चांगुणा खाली बसली. रतनबाई उभीच राहिली. थोड्या वेळानं तिनं चांगुणाचं रिकामं घमेलं पायानं तिच्याकडं सरकवलं आणि म्हणाली, "ऊठ. मुकादम बघतोय."

पुढं पाऊसपाणी झालं, छावण्या मोडल्या, बन्सी एकच बैल घेऊन परत आला. भिमाजी जगला, उशिरा चालायला लागला. केशर बोलली, पण एकदम नाही. आधी भिमाशी, मग घरात, मग हळूहळू बाहेर. पहिलीच्या वर्गात गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा तिनं आधी दाराकडं पाहिलं. चांगुणा दारात उभी होती. तिनं मान हलवली तेव्हा कुठं पोरीनं नाव सांगितलं. मोठी झाली, लग्नाची झाली, तरी कुणी काही विचारलं की ती आधी आईकडं बघायची. पाहुणे म्हणायचे, पोरगी भारी मर्यादेची आहे. चांगुणा तिथून उठून आत जायची.